उतारावरच्या मॅडम

“पाय थांबवा!” मॅडमनी हात वर केला की आम्ही विद्यार्थी जिथे असू तिथे खांब व्हायचो. जमिनीत ओळीनं खोचलेले सेन्सर आणि एका टोकाला लोखंडी प्लेट. तिच्यावर घण घातला की धक्का जमिनीत उतरायचा, आणि तो कुठे किती वेळात पोचला यावरून खालचे थर कळायचे. मधेच कुणी पाऊल टाकलं तर तेही नोंदीत उमटायचं. “पोट गुरगुरलं तरी मार्क कापीन,” असा दम असायचा.

वर्गात पुस्तकी बोलणाऱ्या मॅडम कोल्हापूर सोडून शिवारात आल्या की गावच्या व्हायच्या. “पावणं, म्हस जरा लांब बांधा की! पोरांचं गणित तुडवतीया!”

भूभौतिकीचं हे शिबिर दरवर्षी राधानगरीकडच्या एकाच उतारावर. तुम्ही म्हणाल, सोयीच्या जागा काय कमी होत्या? मॅडमना विचारून बघायला हवं होतं तुम्ही! आम्ही आपले मुकाट घण उचलायचो.

एका दुपारी त्या म्हशीवाल्या आजोबांनीच मला सांगितलं, “बाईंचा थोरला भाऊ हितंच हाय. दरड आलती तवा घरासकट गेला. घावलाच न्हाय.”

नेमकी पाळी माझी होती. घण उचलला, पण खाली येईना. मॅडमना कळलं.

“हाण की,” त्या म्हणाल्या. “आता त्याला काय लागत न्हाय.”

मी हाणला. प्रत्येक घावाला आपण कुणाचं तरी दार ठोठावतोय असं वाटत राहिलं.

त्या वर्षी नोंदीत एका जागी खाली काहीतरी कठीण दिसलं. घराचं जोतं असेल, नुसता खडकही असेल. आजोबा हरखले. “उद्याच जेसीबी लावू, बाई!”

मॅडमनी लॅपटॉपवरची नोंद पुन्हा पाहिली. त्या जागेपासून पार खालच्या वस्तीपर्यंत माती सुटी होती. उतार उकरला असता तर ती सगळी घरांवर आली असती. आजोबांचं घरही त्यातच होतं.

“आन ही घरं?” त्या म्हणाल्या. “न्हाय खणायचं.”

मग जमिनीवर बसून त्या एकेक सेन्सर स्वतः उपटत गेल्या. डोळे पुसायलाही थांबल्या नाहीत. मला रडू आवरेना.

पुढच्या वर्षीपासून शिबिराची जागा बदलली. मॅडम गेल्या वर्षी वारल्या. आता विद्यार्थ्यांना मी घेऊन जाते. वाटेत तो उतार लागतो. खालच्या घरांपुढे पोरं खेळत असतात. वर गवत माजलंय. त्या मातीखाली जो आहे, त्याला शोधायला आता कुणी येत नाही.