दोन फ्लॅटचं नेटवर्क

हुसेनभाई, स्विचवरचा तुमचा दिवा हिरवा आहे. म्हणजे तुम्ही घरात आहात. मग उत्तर द्यायला काय होतं? वाघोलीला जावेदकडे कायमचं राहायला जाऊ का, असं विचारलंत, मी 'जा' म्हटलं. विचारलंत म्हणून म्हटलं. त्यावरून रुसायचं तर रुसा, पण या वयात रुसायला वेळ कोणाला आहे? – प्रेमला

एवढं टाइप करून प्रेमलाताई सेव्ह करायला गेल्या, तर कॉम्प्युटर म्हणाला, फोल्डर सापडत नाही.

"सापडत नाही म्हणजे? इथेच तर असतो," त्या म्हणाल्या. ऐकायला घरात कोणी नव्हतं. नवरा जाऊन बराच काळ झालेला, मुलगी पूर्वा बंगळुरूला.

विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीत हुसेन बागवान समोरच्याच दारात राहायचे. घराणं मंडईतल्या फळवाल्यांचं, पण यांचा जन्म गेला वाघोलीच्या एका कॉलेजात, कॉम्प्युटर लॅब सांभाळण्यात. बायको मदिनाबी गेल्या आणि घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी लॅबच्या भंगारातून एक जुना नेटवर्कचा स्विच मागून आणला, प्रेमलाताईंच्या फळीवर बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवला, आणि दारांवरून वायर ओढून दोन्ही घरचे कॉम्प्युटर त्याला जोडले.

"माझ्याकडे इंटरनेट आहे की," प्रेमलाताई म्हणाल्या होत्या.

"इंटरनेट म्हणजे रस्ता, ताई. लॅन म्हणजे आपला जिना. रस्ता बंद पडला तरी जिन्यात येणं-जाणं राहतं."

मग रोज एकेक धडा. आयपी ॲड्रेस म्हणजे फ्लॅट नंबर. दोघांना एकच दिला की भांडणं. हब म्हणजे एकाचं सगळ्यांना ऐकवणारा, स्विच म्हणजे ज्याचं त्यालाच नेऊन देणारा.

"म्हणजे आपल्या सेक्रेटरीबाई हब."

"ते तुम्ही म्हणालात. मी मुसलमान माणूस, सोसायटीत राहायचंय."

आणि तो फोल्डर. दोघांनी त्यात लिहायचं, दोघांनी वाचायचं. वरणाला हिंग जास्त पडला, गुडघा दुखतो, असलंच काहीबाही. हुसेनभाईंचं शेवटचं वाक्य होतं : मंडईत गेलात तर भावाच्या गाळ्यावरून अंजिरं आणा, माझ्यासाठी आहेत हे सांगू नका, पैसे घेणार नाही. प्रेमलाताईंनी 'गुरुवारी' असं उत्तर टाकलं होतं. मग दारात उभ्याउभ्या ते 'जा' झालं, आणि गुरुवारी त्या मुद्दाम गेल्या नाहीत.

आता त्यांना पिंग आठवलं. पिंग म्हणजे फक्त 'आहात का?' आणि पलीकडून 'आहे.' "अगदी आमच्या पूर्वाचा फोन," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. त्यांनी हुसेनभाईंच्या कॉम्प्युटरचा नंबर टाकला. उत्तर नाही. पुन्हा टाकला. नाहीच. दिवा मात्र हिरवागार.

त्या उठून समोर गेल्या. दाराला कुलूप. मग मान खाली घालून जावेदला फोन लावला.

"मावशी, अब्बांना चक्कर आली होती. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यांनी मलाच बोलावलं. तुमची बेल वाजवली होती मी."

"मी डोळ्यांच्या दवाखान्यात होते. आणि सेक्रेटरीबाई नेमक्या गावाला. पण दिवा तर चालू आहे रे."

"मशीन बंद असलं तरी प्लग चालू असेल तर तो लागतो. वायर धड आहे, एवढंच तो सांगतो."

"आणि फोल्डर?"

"तो अब्बांच्या मशीनवर आहे. तुमच्याकडे नुसता शॉर्टकट."

इतकी वर्षं तो आपल्याच घरात आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

"परत कधी येतायत?"

"आता एकटं नाही ठेवणार, मावशी. रविवारी सामान हलवतो."

रविवारी जावेदने तिकडचा प्लग काढला आणि इकडे फळीवरचा दिवा गेला. वायर गुंडाळायला तो आत आला.

"राहू दे ती," प्रेमलाताई म्हणाल्या. "भिंतीला भोकं दिसतील."

"अब्बांनी विचारलंय, अंजिरं आणली का."

"सांग, आणते. वाघोलीला घेऊनच येते म्हणावं."

खरंच जायचं होतं. कापडी पिशवी त्यांनी दाराच्या हुकावर अडकवूनही ठेवली. मग गुडघा धरला, मग पाऊस लागला, मग फोनवर हुसेनभाईंना शब्द नीट सापडेनासे झाले आणि जावेदच बोलू लागला. अंजिराचा हंगाम संपला, पुढचा आला, तोही संपला. पिशवी हुकावरच आहे.