नंदिनीची न झालेली बायोप्सी

बातमी कळली तेव्हा मी बुधवार पेठेत कीबोर्ड घेत होते. फोनवर काकू, नंदिनीच्या आई, रडत होत्या. "गेली गं... सुटली बिचारी." सुटली! त्या शब्दानं माझं डोकंच फिरलं. सुटले ते बाकीचे.

पुण्यात संगणक कंपन्यांची नवलाई होती तेव्हा आम्ही दोघी एकदमच नोकरीला लागलो. तिच्या जिभेला धार होती. "साहेब, चूक तुमची आहे, फक्त कॉम्प्युटर कंपनीचा आहे," असं मॅनेजरला ऐकवून ती शांतपणे डबा उघडायची. अशी मुलगी घरी मात्र गप्प असायची, याचा मला अजून राग येतो.

तिच्या पायांवर सूज येऊ लागली, लघवीला फेस यायचा. मीच तिला इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, "सूज सगळ्यांची सारखीच दिसते. आतले आजार वेगळे, औषधंही वेगळी. सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासू. आत्ता कळलं तर आवरता येईल." नंदिनी लगेच तयार झाली.

वारज्याला घरी सांगितलं, तर तिचे वडील म्हणाले, "आधी लग्न ठरू दे. किडनीची मुलगी म्हणून एकदा नाव झालं की संपलं." पत्रिकेतल्या मंगळाची त्यांनी शांत करून घेतली होती. किडनीची शांत करता येत नाही, म्हणून ती लपवायची! मी भांडले. "तू बाहेरची आहेस," एवढंच उत्तर मिळालं.

स्थळं येत राहिली. निऱ्यांखाली सुजलेले पाय झाकून नंदिनी पोहे देत राहिली... शेवटी ऑफिसच्या जिन्यातच तिला धाप लागली. पुन्हा त्याच डॉक्टरीणबाई. सोनोग्राफी पाहून म्हणाल्या, "किडन्या आकसल्यात. आता सुई घालणं धोक्याचं, आणि उपयोगही नाही."

"म्हणजे मला काय झालंय, ते कधीच कळणार नाही?" नंदिनीनं विचारलं. त्यांनी डायलिसिसची चिठ्ठी लिहायला घेतली. डायलिसिसवर ती फार काळ टिकली नाही.

परवा तिच्या घरी भेटायला गेले. भिंतीवर हार घातलेला फोटो आहे, स्थळांना पाठवायला काढलेला. कानातली आईची, हसू फोटोग्राफरनं मागून घेतलेलं. नंदिनी अशी कधी हसतच नसे. काकूंनी मला बाजूला घेतलं. "किडनीचं कुठे बोलू नकोस हं. आता रेवतीचं बघतोय." रेवती म्हणजे धाकटी. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "रेवती, उद्या सकाळी लघवी तपासायला चल माझ्याबरोबर."

काकू धावत खिडकी लावायला गेल्या. रेवतीनं विचारलं, "किती वाजता?"