कोपराखालचा उघडा पत्रा

बाबांची नजर अधू झाली तेव्हा पिकअपची चाबी मीच त्यांच्याकडून काढून घेतली. त्यानंतर ते घराबाहेर पडेनासे झाले आणि पिकअप संत्र्याच्या बागेशेजारी गंजत राहिली. ते बघवेना, म्हणून मी ती पांढुर्ण्याच्या गॅरेजात नेली. इंजिन, ब्रेक दुरुस्त करून घेतले, पण जुन्या रंगाला हात लावू दिला नाही. खिडकीखालचा रंग बाबांच्या कोपराने घासून पत्रा उघडा पडला होता. पेंटर तिथे पुट्टी भरेल, या धास्तीने मी सौंसरहून सारख्या चकरा मारायचो.

"भाऊ, म्हातारीले म्हातारीच ठेवाची एवढी मेहनत करून राहिले तुम्ही!" तो हसायचा. शेवटी त्याने सुटा गंज काढून वर फक्त बिनरंगी लॅकर मारलं.

गाडी घरी आणली. बाबांनी दार चाचपलं. उघडा पत्रा बोटांना लागला तसे थांबले, मग स्टेअरिंगमागे चढून बसले आणि कोपर नेमकं तिथेच टेकवलं.

"जशीच्या तशी ठेवली रे तू," ते म्हणाले. "आता चाबी दे. मोहगावपर्यंत जाऊन येतो."

मी खिशातली चाबी मुठीत घट्ट धरली. चाबीसाठी खिडकीतून बाहेर आलेला त्यांचा तळहात तसाच उघडा होता.