न मारलेली रेघ

रेघमॅडम कोणाच्या बापाला भीत नव्हत्या, असं विद्यापीठात सगळे म्हणायचे. कुलगुरूंच्या तोंडावर "हे चुकतंय, सर" म्हणणारी बाई! पण त्या सोमवारी दुपारी विभागप्रमुखांचा फोन ठेवला आणि मॅडमचे हातपाय गार पडले.

रेघमॅडम हे नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. व्यवस्थापनाच्या मुलांना त्या सत्तावीस वर्षं 'व्यवसायातील नीती' हा विषय शिकवत होत्या. प्रकल्प तपासताना प्रत्येक पान उलटायचं आणि मागची बाजू कोरी असेल तर तिच्यावर लाल पेनाने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायची, म्हणजे नंतर तिथे कोणी काही घुसडायला नको. "पान उलटल्याशिवाय माणूस कळत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलं त्यांची नक्कल करायची ती हवेत रेघ मारून. मॅडमना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

यंदा मात्र सगळंच बिनसलं. जोडीच्या प्राध्यापिका नोकरी सोडून गेल्या, त्यांची जागा भरली नाही, आणि साठ मुलांच्या वर्गात एकशे एकतीस मुलं आली. तपासायला तीन आठवडे. त्यातच नवऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दर दोन तासांनी डोळ्यात थेंब. एका संध्याकाळी मॅडमनी एका प्रकल्पाचे मोबाइलवर फोटो काढले, एआयला दिले आणि म्हटलं, यावर शेरा लिही. काय सुंदर शेरा आला म्हणता! मग दुसऱ्यावरचा मागितला. वाईट सवय लागायला वेळ लागतो थोडाच? तीन आठवड्यांत एकशे एकतीसही झाले.

फोटो काढले ते पुढच्या बाजूंचे. कोऱ्या बाजूंचे फोटो कशाला काढायचे? आणि पुढची तऱ्हा ऐका. एआयने लिहिलेला प्रत्येक शेरा मॅडमनी स्वतःच्या वळणदार अक्षरात, लाल पेनाने, शेवटच्या पानाखाली उतरवून काढला. बोटाला घट्टा पडला. फसवायचं तर तेही कष्ट करून, अशी ही बाई!

बरं, नियम कोणी केला होता? त्यांनीच. एआय वापरायला मना नाही. पण कुठे आणि कशासाठी वापरलं ते प्रकल्पाच्या शेवटी स्वतःच्या हाताने लिहून खाली सही करायची. न सांगता वापरलं तर वर्ष वाया. वर खोटं बोलल्याचं सिद्ध झालं तर विद्यापीठातून नाव कमी. विभागाच्या सभेत मसुदा वाचून झाल्यावर मॅडमनी उभं राहून आणखी एक ओळ घालायला लावली होती: "हा नियम शिकवणाऱ्यांनाही लागू राहील." टाळ्या पडल्या होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

आणि आज विभागप्रमुख फोनवर सांगत होते, "मॅडम, तुमच्या वर्गातली ती लाँड्रीवाली मुलगी आठवते ना? तिच्या प्रकल्पावर तुमचा शेरा आहे. 'निरीक्षण दुर्मीळ प्रतीचे. मात्र तिसऱ्या भागाची भाषा यंत्राची वाटते. मदत घेतल्याचे कुठेही नमूद नाही.' तिला बोलावलं, तर म्हणते, शेवटच्या पानाच्या मागे लिहिलंय. बघतो तर खरंच, निळ्या पेनाने चार ओळी आणि सही."

"मग?" मॅडमनी विचारलं.

"मग काय? गुण दाखवायला तुम्ही प्रकल्प तासभर मुलांच्या हातात दिले होते ना, तेव्हा लिहिलं असणार! चोर तो चोर, वर शिरजोर. तुम्ही पान उलटलं नाही असं सत्तावीस वर्षांत झालंय का कधी? उद्या अकराला समिती आहे. तुम्ही एवढंच सांगायचं, पान उलटलं होतं, मागे काही नव्हतं. नाव कमी करून टाकू."

नाव कमी. मॅडमच्या डोळ्यांसमोर ती मुलगी आली. मावशीकडे वाढलेली, तास संपले की मावशीच्या लाँड्रीत जाऊन कपड्यांना चिठ्ठ्या लावत बसणारी. वर्गात तिला सगळे 'इस्त्री' म्हणायचे, तीही हसून ओ द्यायची. प्रकल्पाचा विषय काय होता तिच्या? मॅडमना आठवेना. आठवणार कुठून, वाचलाय कोणी!

खरं सांगावं, तर चौकशी लागणार. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. सत्तावीस वर्षांचं नाव, आणि तेही नीती शिकवणाऱ्या बाईचं, दुपारच्या चहाबरोबर चघळलं जाणार. गप्प राहावं, तर पोरीच्या आयुष्याचं वाटोळं.

आणि तेवढ्यात युक्ती सुचली. भ्यायलेल्या माणसाचं डोकं भलतंच चालतं बघा. बाकीचे एकशे तीस प्रकल्प तर विभागातच होते, त्यांच्याच कपाटात. त्या सगळ्यांच्या कोऱ्या पाठींवर आत्ता बसून रेघा मारल्या तर? उद्या ते गठ्ठे समितीपुढे ठेवायचे आणि म्हणायचं, बघा, कोऱ्या पानावर मी रेघ मारतेच. हिच्या त्या पानावर नाही, म्हणजे मजकूर तेव्हाच होता. माझ्या वाचण्यातून सुटला. तिच्या बाकीच्या पानांवरही रेघ नाही, पण तिकडे कोण बघतंय! मुलगी सुटली, आपणही सुटलो. कोणाचं काय बिघडलं?

मॅडमनी खोलीला आतून कडी लावली. पेन काढलं. सर्र, सर्र. व्हरांड्यात पावलं वाजली की हात थांबायचा, छातीत धडधडायचं. पावलं पुढे गेली की पुन्हा सर्र. वीस प्रकल्प झाले. एकविसाव्याचं शेवटचं पान उलटलं, आणि मागे कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं: "मॅडम, इथे रेघ मारायला विसरू नका हं!"

कोणा खोडकराने प्रेमाने केलेली थट्टा. एरवी मॅडम खळखळून हसल्या असत्या. पण तो प्रकल्प त्या मुलाच्या हातात तासभर होता. त्याने पान उलटून पाहिलंच असणार, मॅडम काय म्हणाल्या म्हणून. आणि खाली रेघ नव्हती.

म्हणजे त्याला कळलं होतं. त्याने आणखी किती जणांना सांगितलं असेल? मॅडमच्या अंगाला दरदरून घाम सुटला. दुसरं मन लगेच म्हणालं, त्याला कोण विचारतंय? खोडरबर घे, पूस. त्यांनी खोडरबर हातात घेतलासुद्धा. मग त्या अक्षरांकडे बघत बसल्या. ही मुलं आपल्या रेघेची वाट बघत होती, एवढंच त्यांना दिसलं, आणि फार लाज वाटली. भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि गठ्ठे परत कपाटात ठेवले.

घरी जेवायला बसल्या तर घास उतरेना. डोळ्याला हिरवी पट्टी लावलेला नवरा म्हणाला, "अगं, मला एका डोळ्यानेही दिसतंय की तू भ्यायलीयस. कोणाला मारलंस?"

मॅडमनी सगळं सांगून टाकलं. नवऱ्याने हात धुतला. मग म्हणाला, "माझ्या थेंबांपायी झालं म्हण. तेवढं तरी माझ्यावर ढकल."

"नाही हो," त्या म्हणाल्या. "मला कंटाळा आला होता. खरं तेच." आणि त्यांना रडू कोसळलं.

मंगळवारी अकराला समितीच्या खोलीत लांब टेबलाच्या एका टोकाला इस्त्री बसली होती. ओढणीचं टोक तिने बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. तिच्याइतक्याच घाबरलेल्या मॅडम समोर बसल्या. विभागप्रमुखांनी प्रकल्प मध्ये ठेवला.

"मॅडम, पान उलटलं होतं ना तुम्ही?" ते हसत म्हणाले, म्हणजे नुसता उपचार.

हो म्हणायला एक अक्षर पुरणार होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "उलटलं नाही. पुढची पानंही वाचली नाहीत. शेरा एआयने लिहिला, मी फक्त उतरवला. सगळ्या एकशे एकतीस जणांचे. आणि काल भीतीपोटी वीस प्रकल्पांवर रेघा मारल्या, तुम्हाला दाखवायला. तेही खोटंच. हिने नियम पाळला, सर. मी मोडला."

विभागप्रमुखांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. मग ते खाकरले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे... मुलीवरचा आरोप उरत नाही. तुमच्या बाबतीत मात्र मला वर लेखी कळवावं लागेल, मॅडम."

"कळवा," मॅडम म्हणाल्या.

आता ही पोर सुटकेने रडेल, असं त्यांना वाटलं. इस्त्री रडली नाही. ती त्यांच्याकडे बघत होती.

"मग 'निरीक्षण दुर्मीळ प्रतीचे' हे?" तिने विचारलं. "ते पण तुमचं नाही?"

मॅडमना मान वर करवेना. "नाही गं."

"मी तेवढ्याच ओळीचा फोटो काढून मावशीला दाखवला होता. तिने तो मोठा छापून घेतला. दुकानात लावलाय, गल्ल्याच्या वर."

कालपासून मॅडम नाना गोष्टींना भीत होत्या. या एका गोष्टीची भीती बाळगायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

इस्त्रीने प्रकल्प उचलला, टेबलाला वळसा घालून आली आणि त्यांच्यापुढे ठेवला. वर विषय होता, 'न नेलेले कपडे: लाँड्रीवाल्याने ते किती दिवस सांभाळावेत?'

"मग आता वाचा, मॅडम," ती म्हणाली. शेजारची खुर्ची ओढून बसली. "मी थांबते. मावशीला काय सांगायचं ते मला कळायला हवं."

मॅडमनी चष्मा लावला. त्यांनी पहिलं पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मग उलटलं.