जुन्या तारेचं माप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — घरच्यांनाही नाही. तशी मी गिरगावातली, तोंडाळ. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून आई करवादायची. हे मात्र राहिलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस. मी आणि वामन एकाच सरांच्या हाताखाली एम.एस्सी. करत होतो. तो वरळीच्या चाळीतला, गणितात वाघ. काचेच्या नळीतली हवा काढून वीज सोडली की आत उजळतो तो प्लाझ्मा. त्यात एक बारीक सळई — आमचा प्रोब — घालायची आणि उलटसुलट धावणारी वीज तिथं किती अडते ते मोजायचं. किती अडेल, हे वामननं कागदावर मांडलं होतं. मोजायचं काम माझं. दोन्ही जुळलं तर सर त्याला संशोधनाला ठेवून घेणार होते. त्याच्या घरचे सगळे त्याकडे डोळे लावून बसलेले.

जुळलं नाही.

का? सांगते ना. रस्त्यावर दगडफेक झाली, लॅबची काच फुटली, म्हणून मी मापयंत्राचं टेबल नळीपासून लांब, आत ओढलं आणि प्रोबला लांब तार जोडली. तारेचंही थोडं त्या मापात मिसळतंच की! म्हणून नळी विझवून नुसत्या तारेचं माप घ्यायचं आणि ते वजा करायचं. मी वजा करत राहिले — जुन्या, आखूड तारेचं.

"तुमचं मोजमाप चुकायचं नाही," वामन म्हणाला. "माझंच गणित घसरलंय."

सरांनीही तेच धरलं, आणि किती चटकन! वरळीच्या त्या चाळीतल्या पोराचं चुकलं, हे पटायला त्यांना वेळ कशाला लागेल? ते मला तेव्हाही दिसलं होतं.

पुढल्याच आठवड्यात तार माझ्या ध्यानात आली. दार लावून पुन्हा मोजलं, या वेळी लांब तारेचं वजा करून. आलेखावर माझे ठिपके वामनच्या गणिताच्या रेषेवर नीट जाऊन बसले. संशोधनाच्या जागेचं अजून ठरायचं होतं, बोलायला वेळ होता. मी भ्याले? हो — पण नुसती भ्याले नाही. ती जागा मला हवी होती. मी नळी विझवली, घरी गेले आणि पोटभर जेवले.

जागा मला मिळाली. वामन परळच्या एका शाळेत मास्तर झाला.

बऱ्याच वर्षांनी दादरला भेटला, बायकोबरोबर. तिला म्हणाला, "या शालिनीताई. यांनी माझी चूक वेळेवर दाखवली."

तिनं मला हात जोडले. मीही हसून जोडले.