जयवंताचा काटे काढायचा चिमटा

निजामाच्या राजधानीत, मलकपेठेत आमच्या घरामागं जयवंता राहायची. नांदेडकडच्या शेतकरी घरातली. नवरा वारलेला, दोन म्हशींच्या दुधावर संसार. रोज संध्याकाळी म्हशींच्या कानामागं, कासेजवळ बोटं फिरवून ती गोचीड काढी आणि अंगठ्यांच्या नखांत कटकन चिरडी.

"ताई, एकबी निसटत नाही बघा."

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात शहरात रोज नवी आवई उठे. कुणाची जनावरं हाकून नेली म्हणे. जयवंतानं म्हशी थेट राहत्या खोलीत आणून बांधल्या. ती, सासू चतुराबाई आणि सात वर्षांची शांता त्यांच्या अंगाला लागूनच झोपत.

सप्टेंबर लागला आणि शांता तापानं फणफणली. चौथ्या दिवशी अंगावर लाल पुरळ. चतुराबाईंनी गोवर समजून दाराला कडुनिंब बांधला.

"देवीआई आल्यात. अंगाला पाणी नक्को, डाक्तर तर नक्कोच."

दोन दिवस जयवंतानं ऐकलं. मग पोर तिला ओळखेनाशी झाली. मी ताक घेऊन गेले तेव्हा ती शांताचं मनगट उजेडात धरून बसली होती.

"ताई, गोवर आधी तोंडावर येतो ना? हिला मनगटाला, घोट्याला आधी उठलं. तळव्यांवरबी आहे." तिनं पोरीचे केस बाजूला सारले. कानामागं काळी खपली. ती बघतच राहिली. "रोज म्हशींचे कान बघते. पोरीचा बघितला नाही."

मग उठलीच. "आत्याबाई, डाक्तरला आणते."

"आई कोपली तर?"

"माझ्यावर कोपू द्या."

भगवंतराव डॉक्टर आले. खपली पाहून म्हणाले, "गोचिडीचा ताप दिसतो. माझ्याजवळ यावर नेमकं औषध नाही. ओल्या फडक्यानं अंग पुसा, घोटघोट पाणी पाजत राहा. जनावरं बाहेर काढा." जयवंताची रक्तानं डागाळलेली नखं त्यांच्या नजरेतून सुटली नाहीत. "आणि चिरडणं बंद. ती घाण नखाच्या फटीतून तुमच्याही अंगात जाईल. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, नंतर साबणानं हात धुवायचे."

म्हशी बाहेर बांधणं म्हणजे गमावायची तयारी. तिनं त्याच दुपारी दावी सोडली. खोली झाडली, गोधड्या उकळल्या. चतुराबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या, पण पाण्याचा तांब्या त्यांनीच दर वेळी भरून पुढं सरकवला.

तेराव्या दिवशी ताप उतरला. तोवर पोलीस ॲक्शन आटोपली होती. म्हशी जागेवरच होत्या.

चतुराबाई देवीला दहीभात घेऊन निघाल्या. "आई गेल्या हो शांतपणे." जयवंता ताट धरून मागं चालली.

त्यानंतर काटे काढायचा चिमटा तिच्या कमरेला कायमचा आला. संध्याकाळी आधी शांता, मग म्हशी.

"मी काय म्हैस आहे?" शांता कुरकुरायची.

"म्हशी तुझ्याहून गुणी. हलत नाहीत. कान इकडं कर."