भरल्या गाडीचा उतार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सोबत तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसांनाही नाही. विषय निघाला की उठून जायचो — पाणी पिऊन येतो म्हणून. आता सत्तरी ओलांडली आहे. जे खोटं कागदावर लिहिलं, ते कागदावरच खोडायचं ठरवलं आहे.

मी उदगीरचा, ट्रक ड्रायव्हर. लातूरच्या एका माल वाहतूक कंपनीत माझं अर्धं आयुष्य गेलं. नव्या ड्रायव्हरांच्या हातून गाड्या ठोकल्या जाऊ लागल्या, तेव्हा कंपनीने आम्हा सहा जुन्यांना निवडलं — नव्यांना शिकवायला. पण आधी आम्हालाच आठवडाभर शिकवलं. त्यासाठी बाहेरून एक बाई आल्या होत्या. त्यांनी मोकळ्या मैदानात आम्हाला क्लीनरच्या जागेवर बसवलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायला सांगितलं. शिकणारा चुकला तरी झडप घालायची नाही, तोंडाने सांगायचं. आमच्यातला एकजण म्हणाला, "मॅडम, हात बांधले की आमचं तोंडबी बंद पडतंय." सगळे हसलो. खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

प्रत्येक शिकणाऱ्याचा एक कागद असायचा. त्यावर तीन रकाने — सांगितलं, करून दाखवलं, करून घेतलं. तिसऱ्या रकान्यात शिकवणारा आणि शिकणारा, दोघांच्या सह्या.

माझ्या हाताखाली भानुदास आला. उमरीचा, पस्तिशीचा, आधी ट्रॅक्टर चालवायचा. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागायचं नाही.

आमच्या जुन्या लोकांत एक रीत होती. भरल्या गाडीला उतार लागला की उस्तादाने, म्हणजे शिकवणाऱ्या ड्रायव्हरने, स्वतः स्टिअरिंगवर बसायचं. माझ्या उस्तादाने मला सहा वर्षं उतार दिला नव्हता. मग याला महिन्याभरात द्यायचा? गाडीची काळजी होती, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. काळजी कसली — जळत होतो. उताराच्या माथ्यावर गाडी थांबवायची, जागा बदलायची, खाली आलं की पुन्हा त्याला बसवायचं. महिनाभर हेच.

महिना संपला. 'भरलेली गाडी, उतार' यापुढे तिसऱ्या रकान्यात मी सही केली. भानुदासचा पेन थांबला. "उस्ताद, हे तर आपण केलंच न्हाई."

"कर सही. मी हाय ना."

त्याने केली.

दोन महिन्यांनी तो सोयाबीनची पोती घेऊन एकटा निघाला. बालाघाटच्या डोंगरातल्या एका उतारावर त्याने गाडी खालच्या गियरमध्ये घेतलीच नाही, नुसता ब्रेक दाबत राहिला. ब्रेक तापले, लागेनासे झाले, गाडी रस्त्याखाली कलंडली. दुसऱ्या कुणाला इजा झाली नाही. त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

चौकशीला तो कुबड्या घेऊन आला. म्हणाला, "उतारावर उस्ताद सोता बसत व्हते, साहेब. मला गाडी दिलीच न्हाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "खोटं बोलायलाय, साहेब. कागद काढून बघा."

कागदावर त्याची सही होती. पायासोबत नोकरी गेली, वर खोटारडा हे नाव लागलं.

आणि मला काय मिळालं? त्या बाईंच्या जागी पुढे मीच जुन्या ड्रायव्हरांना तयार करू लागलो. प्रत्येक वेळी उमरीच्या एका माणसाची गोष्ट सांगायचो — शिकवूनही न ऐकणाऱ्या माणसाची. लोक माना डोलवायचे. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं का? नसतं सांगितलं.

मागच्या आठवड्यात कंपनीला सगळं लिहून दिलं. त्याची एक प्रत उमरीला, भानुदासच्या घरी पाठवली. नांदेड-लातूरकडच्या ज्या ज्या ड्रायव्हरांनी माझ्याकडून ती गोष्ट ऐकली, त्यांनीही ऐकावं — खोटं मी बोललो. भानुदास नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा उमरीला गेलो होतो, माफी मागायचीच असं ठरवून. तो पिठाची गिरणी चालवत होता. "या उस्ताद, या!" म्हणत त्याने स्वतःची खुर्ची मला दिली. बायकोने चहा आणला, मला नमस्कार केला आणि नवऱ्याला टोमणा मारला, "मोठ्या माणसाचं आयकायला काय व्हत व्हतं? आयकलं असतं तर आज पाय असता."

घरातही माझंच खोटं नांदत होतं.

भानुदास हसला. "हाव, चुकलंच माझं," म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

बोलायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "चहा लई गोड झाला, बाई." आणि उठलो.

त्याच वर्षी भानुदास गेला.

"बाई, तुमचा नवरा खरं बोलला होता. भानुदास, मला माफ कर." एवढंच म्हणायचं होतं. तो ऐकत असताना.